फवारणीच्या वहीची मागची बाजू

हे प्रकरण रत्नागिरी तालुक्यातल्या, जयगड खाडीच्या अलीकडच्या एका गावातलं. मी तिथल्या माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. यातली मुलगी माझी विद्यार्थिनी, तेव्हा नववीत होती, आता कॉलेजात आहे, सज्ञान आहे. हा मजकूर तिनं आधी वाचला, त्यातले दोन परिच्छेद काढायला लावले आणि उरलेल्याला हरकत नाही असं कळवलं. नाव कुणाचंच दिलेलं नाही. तिनं लिहिलेली एकही ओळ इथे सापडणार नाही, कारण ती मी वाचलेली नाही. प्रकरण तिच्या लिखाणाचं आहेही आणि नाहीही. ते मुख्यतः तिच्या वडिलांचं आहे. लेकीचा अभिमान वाटला तर त्याचं करायचं काय, हा प्रश्न त्यांना पडला होता.

घर

वडील एका बागायतदाराची हापूसची बाग सांभाळतात. मोहोर धरल्यापासून शेवटची पेटी जाईपर्यंत त्यांचा मुक्काम जवळजवळ बागेतच असतो. पाऊस लागला की घरची भातशेती. आई घर, गुरं आणि लावणी बघते. घरात आजी आहे, तिला अक्षरओळख नाही. मामा मुंबईला, गणपतीला आणि होळीला येणारा. मुलगी थोरली, धाकटा भाऊ तेव्हा पाचवीत.

वडिलांची आणखी एक ओळख या प्रकरणात महत्त्वाची आहे. ते शाहीर आहेत. आमच्याकडे गणपतीत जाखडी नाचतात. मधोमध गाणारे, ढोलकी आणि झांज घेऊन, आणि भोवती पायात घुंगरू बांधून गोल फिरणारी पोरं. आधी गण, मग गवळण, आणि मग शक्तीवाले आणि तुरेवाले यांचे सवाल-जवाब. समोरच्या शाहिरानं पुराणातलं काहीतरी अडवणारं विचारायचं आणि यानं त्याच चालीत त्याला उत्तर द्यायचं. रात्र सरते तरी माणसं उठत नाहीत. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात शाहीर आपलं नाव गुंफतो, म्हणजे कुणाचं गाणं ते ऐकणाऱ्याला कळतं. यांचं शिक्षण सातवीपर्यंतच झालेलं. पण एखाद्या ओळीत मात्रा कमी पडली तर शेतात चिखल तुडवतानाही त्यांना ती टोचते.

म्हणजे बापाचं लिहिणं चव्हाट्यावरचं. ते लिहिलं जातं तेच चारशे माणसांसमोर म्हणायला. लेकीचं त्याच्या अगदी उलट. ही तफावत लक्षात घेतली नाही तर पुढचं सगळं नुसतं ‘आईबापांनी मुलांची डायरी वाचू नये’ एवढ्यावर येऊन थांबतं, आणि तेवढ्यासाठी प्रकरण लिहायची गरज नव्हती.

वही

परदेशी जाणाऱ्या आंब्याच्या बागा मँगोनेटमध्ये, म्हणजे निर्यातीसाठीच्या सरकारी नोंदणीत, नोंदवलेल्या असतात. कुठलं औषध, किती, कुठल्या तारखेला मारलं याची नोंद ठेवावी लागते. त्यासाठी बागायतदार दरवर्षी एक जाड रजिस्टर देतो. ते कधीच पुरतं भरत नाही. वर्ष संपलं की रजिस्टर माळ्यावर जातं.

कलमांना कल्टार, म्हणजे मोहोर लवकर यावा म्हणूनचं औषध, घालायचं ते जुलै-ऑगस्टात, पाऊस जरा उघडला की. आदल्या वर्षी कुठल्या कलमाला किती घातलं होतं ते बघायला वडिलांनी माळ्यावरचं जुनं रजिस्टर काढलं. अंधारात ते उलटं हाताला आलं आणि मागून उघडलं. मागच्या बाजूनं, वही उलटी धरून, मुलीच्या अक्षरात पानंच्या पानं. ना तारीख, ना मथळे, ना नाव. अर्धी पुढून आलेली फवारणी आणि मागून आलेलं हे, मध्ये थोडी कोरी पानं शिल्लक.

त्यांनी शिडीवर उभ्याउभ्याच साडेतीन पानं वाचली. मग वही होती तशी, त्याच बाजूनं ठेवली आणि खाली उतरले. कल्टारचा हिशेब त्या वर्षी त्यांनी अंदाजानंच केला, कारण वही पुन्हा हातात घ्यायची त्यांना भीती वाटली.

हे त्यांनी मला सांगितलं ते दोन महिन्यांनी, गणपती होऊन गेल्यावर, शाळेच्या व्हरांड्यात. मी विचारलं, काय आवडलं? मला वाटलं विषय सांगतील. त्यांनी विषय सांगितला नाही.

‘बाई, एक शब्द तिनं चार येळा खोडलान. नि पाचव्यांदा पयलाच परत लिवलान.’

एवढं बोलून ते माझ्याकडे बघत राहिले, मला कळलं की नाही ते. गाणं रचणाऱ्या माणसाला दुसरा रचणारा ओळखू यायला खाडाखोड पुरते. पोर शाळेतला निबंध लिहीत नव्हती, ती शब्द पारखत होती. मला हे मोलाचं वाटतं, कारण पालकांचा अभिमान सहसा निकालावर बसतो: बक्षीस, मार्क, छापून आलेलं नाव. यांचा बसला तो खोडलेल्या जागेवर. माझ्या तासाला ही मुलगी निबंधात बेताचीच होती. ‘माझा आवडता ऋतू’ तिनं मुद्दे लिहून, समास सोडून, अगदी नेटका दिला होता, आणि त्यात खाडाखोड एकही नव्हती.

खिशातून त्यांनी एक घडी घातलेला कागद काढला. चार ओळी त्यांनी आठवणीतून उतरवल्या होत्या. ‘चांगलं हाय का, तेवढं सांगा.’ मी कागद घेतला नाही. ते खट्टू झाले, आणि त्यांच्या जागी मीही झाले असते.

अभिमान कुठून कुठे गेला

आता गणपतीत काय झालं ते. मुलगी माळ्यावर काहीतरी लपवते हे आईच्या आधीच लक्षात आलं होतं. आपल्याकडे नववीतल्या मुलीनं काही लपवलं की घरच्यांच्या मनात पहिली शंका कुठली येते, ते सांगायला नको. आईनं रात्री विषय काढला: शाळा बदलायची का, मामाकडे धाडायची का. तिला गप्प करायला वडील म्हणाले, तसलं काही नाही, पोर लिहिते, आणि माझ्यापेक्षा बरं लिहिते.

हे वाक्य मी पुष्कळ वेळा मनात घोळवलं आहे. त्यात खोटं काही नव्हतं, आणि त्या रात्री त्यानं मुलीची शाळा वाचवली. संशयाला उत्तर म्हणून बापाजवळ अभिमानाखेरीज दुसरं काही नव्हतं. पण त्यानं गुपिताला पाय फुटले. आईचा जीव भांड्यात पडला. तिला इतकं हलकं वाटलं की तिनं ते भावाला फोनवर सांगितलं. भाऊ चाकरमानी, भाचीचं कौतुक करायला उतावीळ. दुसऱ्या दिवशी संध्याकाळची आरती झाली, प्रसाद वाटून झाला, वाडीतली पंचवीस-तीस माणसं ओटीवर बसलेली, आणि मामा म्हणाला, ‘चला कवयित्रीबाई, बापानं एवढी गाजवली, आता तुमचं एक होऊन जाऊ दे!’

मुलगी हसली. सगळ्यांना पाणी आणते म्हणून आत गेली आणि पाणी आणलंही. रात्री जाखडीला वडिलांच्या मागे झांज धरून बसायची तिची जागा होती, तिथेही बसली. म्हणून कुणालाच काही वाटलं नाही. गौरी विसर्जन झाल्यावर वडील माळ्यावर चढले तेव्हा वही नव्हती. त्यांनी न्हाणीतल्या चुलीतली राख काठीनं उकरून बघितली, रजिस्टरचा कापडी कणा तरी जळायचा राहिला असेल म्हणून. काही सापडलं नाही. तेव्हा ते माझ्याकडे आले.

चूक मामाची, असं ऐकणारे लगेच म्हणतात. मला ते पटत नाही. त्या साखळीत वाईट हेतूचं माणूस एकही नाही, आणि प्रत्येकानं पुढच्याला सांगितलं ते आनंदानंच. अभिमानाला श्रोता लागतो, आणि शाहिराच्या अभिमानाला तर जास्तच. वडिलांनी मला ती घडी दाखवली तीही त्याच ओढीनं. प्रश्न एवढाच होता की या अभिमानाचा पहिला श्रोता कोण असायला हवा होता. बायको, मेव्हणा, बाई यांच्याआधी तो जिच्याबद्दल होता तिलाच तो सांगितला गेला नव्हता. तो घरभर फिरून, मामाच्या तोंडून, थट्टेच्या सुरात तिच्यापर्यंत पोचला.

नावाचा मुद्दा

वडिलांना आणखी एक गोष्ट खुपत होती. वहीत कुठेच नाव नव्हतं. आमच्या शाळेची सहल मालगुंडला जाते. केशवसुतांचा जन्म तिथला, 1866 सालचा. कोकण मराठी साहित्य परिषदेनं उभारलेलं त्यांचं स्मारक आता तिथे आहे. वडील एकदा सहलीबरोबर स्वयंसेवक म्हणून आले होते. कृष्णाजी केशव दामले या माणसानं कवितेखाली स्वतःचं नाव न घालता ‘केशवचा मुलगा’ असं घातलं, हे तिथे ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प होते. व्हरांड्यात त्यांनी ते पुन्हा काढलं. ‘त्यानं बापाचं नाव घेतलान. हिनं सोताचं पण नाय.’

त्यांच्या मनात काय होतं ते स्पष्ट होतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. शेवटच्या कडव्यात नाव येणं म्हणजे गाणं पुरं होणं, अशा परंपरेतला तो माणूस. बिननावाचं लिखाण त्याला अर्धवट वाटणारच. मी त्यांना एवढंच म्हटलं की तुमचं गाणं सभेत जातं म्हणून त्याला नाव लागतं. तिचं अजून कुठेच निघालेलं नाही.

सल्ला, आणि त्यामागची कारणं

समुपदेशनाच्या पुस्तकांत अशा जागी एक प्रयोग हटकून येतो. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या, आपणहून चित्रं काढणाऱ्या मुलांवर केलेला. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळेत पहिल्या गटातली मुलं बाकीच्यांच्या निम्म्याच्या आसपास वेळ चित्रं काढताना दिसली. न सांगता बक्षीस मिळालेल्यांची आवड कमी झाली नव्हती. यावरून ‘कौतुक करू नका’ असा अर्थ काढणारे चुकतात. धोका कौतुकात नसून आधी लावलेल्या आमिषात असतो. आमच्या मुलीला कुणी आमिष दाखवलं नव्हतं, तेव्हा हा प्रयोग इथे ओढूनताणून बसवण्यात अर्थ नाही. पण मामानं ‘पुढच्या वर्षी तालुक्याच्या स्पर्धेत पाठवू’ म्हटलं होतं, तेवढ्यापुरता तो मला आठवला.

जास्त जवळचा वाटतो तो पेनेबेकर आणि बील यांचा 1986 मधला अभ्यास. कॉलेजच्या मुलांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, स्वतःच्या मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायचं. जे घडलं ते आणि त्याबद्दल जे वाटलं ते, दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत परिणाम एवढा ठळक राहिला नाही. मला त्यातली महत्त्वाची वाटते ती अट: लिहिलेलं गुप्त राहील, असं त्या मुलांना सांगितलेलं होतं. वाचणारा कुणी ओळखीचा नाही हे माहीत असलं की हात मोकळा चालतो. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातलं 16 वं कलम मुलांच्या खासगीपणाबद्दल आहे आणि भारतानं 1992 साली तो करार मान्य केला, हेही मी वडिलांना सांगितलं. त्यांच्यावर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही.

परिणाम झाला तो एका साध्या प्रश्नाचा. मी विचारलं, तुमची गाणी रचताना, अजून चाल बसली नाही तेव्हा, समोरच्या पार्टीच्या शाहिरानं वही उघडून वाचली तर? ते म्हणाले, ‘त्याला बांधावरून ढकलीन.’ मग थोडं थांबून: ‘अढी पण सारखी उघडायची नसती.’ पेंढ्यात घातलेला आंबा रोज चाचपला तर डागी होतो, त्याबद्दल ते बोलत होते. मला ते आवडलं, पण पूर्ण मान्य करवेना, कारण अढी मधूनमधून चाळावीच लागते, कुजका वेगळा करायला. मुलांच्या लिखाणाबाबत तो प्रसंगही येतो. मरणाची भाषा, स्वतःला इजा करणं, कुणाची धमकी, मोठ्या माणसाकडून होणारा त्रास असं काही दिसलं तर गुपित राखणं हा गुन्ह्यात सामील होण्यासारखा प्रकार ठरतो. लैंगिक अत्याचाराची माहिती असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानं ती कळवणं बंधनकारकच आहे. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा 14416 आणि मुलांसाठी चाइल्डलाइनचा 1098 हे दोन्ही फोन त्यासाठीच आहेत. म्हणून मी वडिलांना तेवढंच विचारलं: त्या साडेतीन पानांत काळजी वाटावी असं काही होतं? ते ठाम ‘नाही’ म्हणाले. आणि खरं सांगायचं तर खाडाखोडीवर खूश होणाऱ्या बापाला काळजीचं काही दिसलं असतं तर तो खुशीत आलाच नसता.

सल्ला असा दिला: तिला सांगा. किती वाचलं, कसं हाती आलं, कुणाला बोललात, आणि पुन्हा वाचणार नाही. त्या वेळी कौतुक करू नका, ते माफी मागितल्यावर लावलेल्या लाचेसारखं वाटेल. त्यांना हे अवघड गेलं. गप्प राहणं त्यांना जास्त सभ्य वाटत होतं, आणि बाहेरून बघणाऱ्यालाही असा मूक अभिमान फार गोड दिसतो. मला तो धोक्याचा वाटतो. बाप जाणतो आणि लेकीला ठाऊक नाही की तो जाणतो, अशा घरात बापाचं प्रत्येक साधं वाक्यही चाचपडणारं होतं. शिवाय गणपतीनंतर तिला संशय आलाच होता, फक्त कुणी आणि किती वाचलं ते माहीत नव्हतं. तिच्या कल्पनेत बहुधा सगळ्यांनी सगळं वाचलं होतं.

सांगितलं ते कसं

भात कापणीच्या दिवसांत, सकाळी तिला एसटीच्या थांब्यावर सोडायला जाताना, गाडीवर. तोंड समोर करून सांगण्यापेक्षा ते त्यांना बरं पडलं असावं. मागून बराच वेळ काही आलं नाही. मग:

‘किती वाचलंत?’

‘साडेतीन पानं.’

‘कुठली?’

वडिलांना हा प्रश्न कळला नाही. मला सांगताना ते म्हणाले, रागवेल, रडेल वाटलं होतं, तर ही विचारते कुठली. त्यांनी आठवेल तसं सांगितलं. ती म्हणाली, ‘ती जुनी आहेत,’ आणि एसटी आली.

माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत आशादायक जागा तीच. खासगीपणाचा भंग झाला म्हणून ती दुखावलेली होतीच, आणि पुढचे कित्येक दिवस ती वडिलांशी कामापुरतंच बोलली. पण ‘ती जुनी आहेत’ म्हणणाऱ्या माणसाजवळ नवी असतात. वही जळाली नव्हती. आजीच्या ट्रंकेत, नऊवारीच्या घड्यांखाली गेली होती. घरातलं वाचू न शकणारं एकमेव माणूस तिनं बरोबर हेरलं होतं.

त्यानंतर वडिलांनी जे केलं ते मी सुचवलेलं नव्हतं. त्यांनी आपली कच्ची वही, चाली बसवतानाची, अर्धवट टाकलेल्या गवळणींची, जी त्यांनी ढोलकीवाल्यालाही कधी दिली नव्हती, ती तिच्या दप्तराशेजारी ठेवली. काही बोलले नाहीत. ती वही दोन-तीन महिने तशीच पडून होती आणि धाकट्यानं तिच्यावर पेन्सिलीनं होडी काढली. नंतर कधीतरी एका गवळणीच्या कडेला मुलीच्या अक्षरात एक बारीक खूण आली: एका ओळीखाली रेघ आणि प्रश्नचिन्ह. मात्रा चुकली होती. ‘बरोबर पकडलान,’ वडील म्हणाले. मला हे त्यांनी किमान चार वेळा सांगितलं आहे, दर वेळी नव्यानं. अभिमान सांगायला त्यांना आता तिच्या लिखाणाची गरज उरली नाही, स्वतःच्या चुकीवर भागतं.

आईचं काय, असं विचारलं जातं. आईनं एक पत्र्याची पेटी आणि कुलूप आणून दिलं, दोन्ही किल्ल्या मुलीच्या हातात. तिच्या दृष्टीनं प्रश्न मिटला. मामाला मात्र आजवर कुणी काही सांगितलेलं नाही, आणि तो अजून ‘कवयित्रीबाई’च म्हणतो. ती आता त्याला ‘बोला रसिक’ असं उत्तर देते.

प्रकरणानंतर

मुलगी लिहिते का, छापायला देते का, हे सांगायची मला मुभा नाही. काढायला लावलेल्या दोन परिच्छेदांत तेच होतं.

माझ्यापुरता एक बदल झाला. आमच्या शाळेचं हस्तलिखित दर वर्षी निघतं. त्यासाठी पालकांनी आणून दिलेलं लेखन मी आता घेत नाही. मुलानं स्वतः आणून दिलं तर घेते, नाव घालायचं की नाही ते त्याला विचारते, आणि नको म्हटलं तर कारण विचारत नाही. गेल्या वर्षी एका आईनं मुलाच्या वहीच्या पानांचे फोटो मोबाईलवर पाठवले, खाली लिहिलं होतं, त्याला सांगू नका, सरप्राइज आहे. मी न उघडता पुसून टाकले आणि तसं कळवलं. त्या बाजारात भेटल्या तरी बोलत नाहीत. मुलाला मी काही विचारलेलं नाही.